घरी नवाकोरा दिसणारा चांदीचा रुपया बाजारात दोन दर्जे खाली का उतरतो : तपासणीचा क्रम

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात येते. लक्ष्मीपूजनाच्या डब्यातला राणीछाप रुपया घरच्यांना नवाकोरा वाटतो. नाण्यांचा जाणकार मात्र तो दिव्याखाली एकदा फिरवून पाहतो आणि चांदीच्या भावापेक्षा फारसे जास्त द्यायला तयार होत नाही. मी बडोद्यात राहतो आणि गेली अनेक वर्षे दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील मराठी घरांतून येणारी जुनी नाणी पाहत आलो आहे. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात हाच प्रश्न माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येतो, आणि दहांपैकी आठ वेळा त्याचे मूळही तेच निघते: चमक म्हणजे चांगली स्थिती, असे समजून नाणे जोखलेले असते.

लक्षणे

नाणे पांढरेफट्ट चमकते, पण ती चमक नाण्याबरोबर फिरत नाही. कोणत्याही कोनातून सारखीच दिसते. अक्षरांच्या आतल्या खाचा काळ्या राहिलेल्या असतात आणि मधली मोकळी जागा मात्र भांड्यासारखी उजळलेली असते. दरवर्षी घासूनही नाणे पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा, आणि आधीपेक्षा लवकर, काळवंडते. कधी नाण्यावर हिरवट, चिकट थर असतो. कधी आवाज बद्द येतो, कधी वजन कमी भरते. २०१९ आणि २०२४ साली विश्वामित्री नदीचे पाणी घरांत शिरल्यानंतर आणखी एका लक्षणाची भर पडली: पेटीच्या तळाशी राहिलेल्या नाण्यांवर गाळाचे कवच बसलेले असते आणि खाली काय आहे ते कळत नाही. शेवटचे लक्षण सर्वांत गोंधळात टाकणारे आहे. एकाच नाण्याला एक जण ‘व्हेरी फाइन’ म्हणतो, दुसरा त्याहून वरचा ‘एक्स्ट्रीमली फाइन’ हा दर्जा देतो आणि तिसरा दर्जा द्यायलाच नकार देतो.

पुढील तपासण्या बिनखर्चाच्या सोप्या कामापासून अवघड कामाकडे जातात. हा क्रम मोडू नये, कारण आधीची तपासणी टाळून केलेली पुढची तपासणी अनेकदा फसवते.

पहिली तपासणी : घासणे थांबवणे आणि एकच दिवा लावणे

तपासणी सुरू करण्यापूर्वी नाण्याला काहीही लावू नये. चिंच, रांगोळी, राख, दंतमंजन, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि अॅल्युमिनियमचा कागद, सराफाचे डुबवण्याचे द्रावण, यांपैकी काहीही नको. पूजेत नाणे हवे असेल, तर तबकात ठेवून हळद-कुंकू शेजारी वाहावे. नाण्यावर लावून ते पुसणे म्हणजे घासणेच होय.

चांदीवरचा काळा थर हा बहुतांशी चांदी आणि गंधक यांच्या संयोगाने झालेला सल्फाइडचा थर असतो. हवेतील गंधक, रबरबँड, लोकरीचे कापड आणि हलक्या प्रतीचा कागद यांच्यामुळे तो वाढतो. या थरात नाण्याचीच चांदी गुंतलेली असते, म्हणून तो काढला की थोडी चांदीही जाते. रांगोळी किंवा मंजन वापरल्यास त्याहून मोठे नुकसान होते, कारण त्यातील कण पृष्ठभागावर केसासारख्या असंख्य रेघा ओढतात. या रेघा कधीही भरून निघत नाहीत. काळा पडलेला पण न घासलेला रुपया हा घासलेल्या चकचकीत रुपयापेक्षा जवळजवळ नेहमीच वरच्या प्रतीचा मानला जातो, आणि हे पहिल्यांदा ऐकताना अनेकांना खरे वाटत नाही.

आता खोलीतील ट्यूबलाइट बंद करून एकच पिवळा दिवा एका बाजूने लावावा. नाणे केवळ कडेने धरून दिव्याखाली हळूहळू तिरपे करावे. टांकसाळीत ठसा आदळताना धातू मध्यापासून बाहेरच्या दिशेने वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उरतात. त्यामुळे न झिजलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. हा पट्टा फिरत असेल, तर काळसरपणाखालीही मूळ कातडी, म्हणजे टांकसाळीतून आलेला पृष्ठभाग, शाबूत आहे असे समजावे. पट्टा न फिरता सगळीकडे सारखीच पांढरी झळाळी आली, तर नाणे घासलेले किंवा द्रावणात बुडवलेले आहे. ही तपासणी फुकट आहे, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वाद इथेच मिटतात.

दुसरी तपासणी : दहापट भिंग आणि उंच जागा

दहापट मोठे दाखवणारे, हातात धरण्याचे भिंग काहीशे रुपयांत मिळते. त्याहून अधिक शक्तीचे भिंग दर्जा ठरवताना उपयोगी पडत नाही, कारण त्यात प्रत्येक नाणे खराब दिसू लागते.

झीज नेहमी सर्वांत उंच जागेपासून सुरू होते, म्हणून नाण्यावर उंच जागा कोणती हे आधी माहीत हवे. व्हिक्टोरियाच्या रुपयावर कानाच्या वरचे केस, भुवई आणि अंगावरच्या वस्त्राची नक्षी प्रथम पाहावी. सातव्या एडवर्डच्या १९०३ ते १९१० च्या रुपयांवर डोक्यावर मुकुट नाही, त्यामुळे कानावरचे केस आणि दाढीचा भाग आधी गुळगुळीत होतो. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर कान, मिशी आणि अंगरख्यावरचा छोटा हत्ती या तीन जागा पुरेशा आहेत. हा हत्ती १९११ च्या रुपयावर डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून त्याची आकृती सुधारण्यात आली. त्यामुळे १९११ चा रुपया जोखताना हत्तीची सोंड आखूड दिसते म्हणून ती झिजली असे ठरवू नये.

ढोबळ मोजमाप असे ठेवावे. आकृतीचा केवळ बाह्याकार उरला असून केस म्हणजे एक सपाट पट्टा झाला असेल, तर ‘फाइन’. केसांच्या मोठ्या बटा वेगळ्या दिसतात, पण त्यांच्या आतल्या रेघा एकमेकींत मिसळल्या असतील, तर ‘व्हेरी फाइन’. सगळ्या रेघा आहेत, केवळ सर्वांत उंच टोके बोथट झाली आहेत, तर ‘एक्स्ट्रीमली फाइन’. उंच टोकांवरही मूळ चमक अखंड असेल, तरच ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे व्यवहारात न फिरलेले. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी सुचवलेली १ ते ७० ची मोजपट्टी आज जगभर चालते. तिच्यात साधारणपणे फाइनला १२ ते १५, व्हेरी फाइनला २० ते ३५, एक्स्ट्रीमली फाइनला ४० ते ४५ आणि अनसर्क्युलेटेडला ६० पासून पुढचे अंक मिळतात. घरी अंक देण्याच्या भानगडीत पडू नये. शब्दांतला दर्जा बरोबर आला तरी पुष्कळ झाले.

इथे एक बारकावा अनेकांना चकवतो. ठसा मुळातच हलका पडला असेल, तर उंच भाग सपाट दिसतो, पण तो झिजलेला नसतो. झिजलेल्या जागेचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तिचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा, बहुधा राखाडी असतो. हलक्या ठशाच्या सपाट जागेवर मूळ चमक किंवा टांकसाळीतल्या पत्र्याचा खरबरीतपणा तसाच उरतो. शंका आल्यास मागची बाजू पाहावी. पुढच्या बाजूचा दर्जा आणि मागच्या फुलांच्या वेलबुट्टीचा दर्जा यांत मोठे अंतर असेल, तर कारण बहुधा ठशात असते, वापरात नव्हे.

भिंगाखाली आणखी चार गोष्टी शोधाव्यात: एकाच दिशेने गेलेल्या बारीक समांतर रेघा, कारण त्या घासण्याचा पुरावा असतात, अक्षरांच्या पायथ्याशी सरकून गोळा झालेली धातूची कड, कारण ती यंत्राच्या तारेच्या ब्रशने येते, काठावर, घड्याळात बारा असतात त्या ठिकाणी, डाखाचा डाग किंवा बुजवलेले भोक, कारण असे नाणे कधीतरी माळेत ओवलेले किंवा कडी लावून घातलेले असते, आणि सराफाने पारखताना मारलेल्या ठोक्याच्या खुणा. यांपैकी एकही आढळली, तर आकृती कितीही टवटवीत असली तरी दर्जाच्या पुढे दोष लिहावा लागतो. ‘एक्स्ट्रीमली फाइन, परंतु घासलेले’ हा प्रामाणिक शेरा आहे. ‘एक्स्ट्रीमली फाइन’ एवढाच शेरा प्रामाणिक नाही. वर सांगितलेला तीन जणांचा वाद बहुधा असाच निर्माण होतो: एक जण झीज मोजतो, दुसरा चमक पाहतो आणि तिसऱ्याला रेघा दिसलेल्या असतात.

तिसरी तपासणी : वजन, माप, चुंबक

शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्यावा. १८३५ पासूनच्या एकसारख्या रुपयाचे प्रमाण वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. ‘रुपयाभार’ हा शब्द त्याच हिशोबातला आहे, आणि जुना तोळाही १८० ग्रेनांचाच होता. आज सराफ तोळा म्हणतो तेव्हा तो १० ग्रॅम धरतो, ही गोष्ट भाव विचारताना विसरू नये.

खूप फिरलेला रुपया ११.४ किंवा ११.५ ग्रॅम भरतो, आणि ते स्वाभाविक आहे. नाणे भिंगाखाली ‘एक्स्ट्रीमली फाइन’ दिसत असून वजन मात्र ११.३ भरत असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. अशा वेळी नकली असण्याची शक्यता आधी धरावी. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास असावा. कडेवरचे कंगोरे सर्वत्र सारखे, उभे आणि धारदार हवेत. कडेच्या मधोमध एक बारीक सांधा गोल फिरलेला दिसला, तर नाणे साच्यात ओतलेले आहे. पृष्ठभागावरचे बुडबुड्यांचे खळगे आणि साबणासारखी मऊ अक्षरेही तेच सांगतात.

चुंबक चांदीला ओढत नाही. १९४७ चा रुपया मात्र निकेलचा असल्याने चुंबकाला चिकटतो. तो नकली नव्हे, तो चांदीचाच नाही.

आवाजाची परीक्षा मी सुचवत नाही. फरशीवर टाकून ‘बंदा रुपया’ वाजवण्याची रीत जुनी असली, तरी प्रत्येक टाकण्यात काठाला एक खोक पडते. शिवाय बद्द आवाज खऱ्या पण आतून तडा गेलेल्या नाण्याचाही येतो.

चौथी तपासणी : पाण्यातले वजन

वजन जुळूनही धातूबद्दल शंका उरली, तर ही तपासणी करावी. काट्यावर शुद्ध पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करावा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते तळाला किंवा भिंतीला न लागता पूर्ण बुडेल असे धरावे. काटा दाखवेल तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. नाण्याचे वजन त्याने भागले की घनता मिळते.

१९३९ पर्यंतच्या रुपयात अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे, म्हणजे सुमारे ९१.७ टक्के चांदी असते. असा पूर्ण वजनाचा रुपया सुमारे १.१३ ग्रॅम पाणी सारतो आणि घनता १०.३ च्या जवळ येते. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयांत निम्मीच चांदी आहे. त्यांचा आकडा १.२२ च्या आसपास, घनता साधारण ९.५. या रुपयांच्या कंगोऱ्यांमध्ये मधोमध एक वेगळी खाच असते आणि झीज झाली की त्यांचा पिवळसर-राखाडी रंग उघड होतो. अनेक घरांत हे रुपये ‘खोटे’ म्हणून बाजूला टाकलेले मी पाहिले आहेत. ते पूर्ण खरे आहेत, फक्त त्यांचा धातू वेगळा आहे. तांबे-निकेलचे नकली नाणे १.३१ ग्रॅमच्या आसपास पाणी सारते. नाणे बाहेर काढल्यावर मऊ सुती कापडाने टिपावे, पुसू नये.

पाचवी तपासणी : साल आणि राजा

दर्जा आणि दुर्मीळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की अपेक्षा भलतीच वाढते. १८३५, १८४० आणि १८६२ ही साले असलेले रुपये त्याच एका वर्षात पाडलेले नाहीत. १८६२ हे साल तर १८७४ पर्यंत तसेच ठेवण्यात आले, आणि मागच्या बाजूच्या बारीक टिंबांवरून पाडण्याचा काळ ओळखतात. म्हणून ‘दीडशे वर्षांपूर्वीचा’ एवढ्यावरून भाव मिळत नाही. असा रुपया विपुल आहे, त्याला किंमत आणतो तो दर्जा. याउलट १९३९ चा चांदीचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, त्यामुळे शेवटचा ९ हा आकडा ८ वरून कोरलेला नाही ना, हे भिंगातून अवश्य पाहावे.

बडोद्याच्या घरांत सयाजीराव महाराजांची मुद्रा असलेले, मागे नागरीत ‘एक रुपया’, संवत आणि तलवार असलेले रुपये हमखास निघतात. हे यंत्रावर पाडलेले असल्याने वरचीच पद्धत त्यांना लागू पडते. महाराजांच्या चेहऱ्यावरील भुवई आणि पगडीच्या घड्या आधी पाहाव्यात. संवतातून ५७ वजा केले की इसवी सन येते: संवत १९५१ म्हणजे १८९४. एका कुटुंबाने आणलेला असाच एक रुपया मला अजून आठवतो. पगडीची घडी न घडी उठून दिसत होती, पण आदल्याच आठवड्यात तो दंतमंजनाने उजळवलेला होता. तीन पिढ्यांनी जपलेली कातडी एका सकाळी गेली होती, आणि ते सांगताना मला फार जड गेले.

त्याआधीचे बडोदा संस्थानचे बाबाशाही रुपये मात्र हातोड्याने ठोकून पाडलेले आहेत. ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, त्यामुळे लेखाचा मोठा भाग नाण्याबाहेरच राहिलेला असतो; तो झिजलेला नसतो, मुळातच उमटलेला नसतो. इंदूरकडचे नातलग आणतात त्या होळकरांच्या सूर्यछाप रुपयांचेही तसेच. अशा नाण्यांना केसांची आणि भुवईची मोजपट्टी लावू नये. राजाचे आद्याक्षर, तलवार, टांकसाळीचे नाव आणि साल यांपैकी किती वाचता येते, यावरच त्यांची प्रत ठरते. त्यासाठी फार्सी लिपी वाचणारा माणूस लागतो.

सहावी तपासणी : हिरवा थर आणि गाळ

इथून पुढे नुकसानीचा धोका वाढतो. हिरवट चिकट थर मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून येतो, कारण पीव्हीसी या प्लॅस्टिकमधून सुटणारी द्रव्ये नाण्यातील तांब्याशी मिसळतात. शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणे काही मिनिटे बुडवून, न घासता बाहेर काढून, पुन्हा स्वच्छ अॅसिटोनमधून काढल्यास तो बहुधा निघतो. अॅसिटोनचा धातूवर परिणाम होत नाही, म्हणून ही एकच स्वच्छता मला मान्य आहे. नखांचे रंग काढण्याचे द्रावण चालत नाही, कारण त्यात तेल आणि सुगंध असतात. अॅसिटोन झटकन पेट घेते. देवघराजवळ किंवा गॅसच्या ओट्याजवळ हे काम करू नये, खिडकी उघडी ठेवावी, आणि भांडे काचेचे घ्यावे.

पुराचा गाळ असेल, तर शुद्ध पाण्यात नाणे बुडवून रोज पाणी बदलत राहावे. आठवड्यात जेवढा गाळ सुटेल तेवढा सुटेल. उरलेला नखाने, काडीने किंवा ब्रशने काढू नये.

कुठे थांबावे

हिरवा थर कोरडा, भुसभुशीत असून खाली खड्डे दिसत असतील, नाण्याला तडा असेल, डाख काढायचा असेल किंवा सोन्याचा मुलामा असेल, तर थांबावे. हे काम धातूंचे संवर्धन करणाऱ्या प्रशिक्षित माणसाचे आहे, सराफाच्या भट्टीवरचे नव्हे. नाणे कसोटीच्या दगडावर घासू देऊ नये आणि त्यावर आम्लाचा थेंबही टाकू देऊ नये. चांदीचा कस पाहायचाच असेल, तर चोकशीकडे (सोन्याचांदीचा कस पाहणाऱ्याकडे) किंवा हॉलमार्किंग केंद्रात एक्स-किरणांच्या यंत्रावर ओरखडा न काढता तपासता येतो. मात्र हे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचते, म्हणून मुलामा दिलेले नाणे त्याला फसवू शकते. पाण्यातल्या वजनाचा आकडा सोबत असावा.

मजबूत प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून अंक देणाऱ्या परदेशी संस्थांकडे नाणे पाठवण्याचा विचार असेल, तर त्याआधी कायदा पाहावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. व्हिक्टोरिया आणि एडवर्ड यांचे सगळेच रुपये आता या मर्यादेत येतात, पाचव्या जॉर्जचे १९११ ते १९२२ चेही. जुन्या वाड्याचा पाया खणताना नाणी सापडली, तर दर्जा ठरवण्याचा प्रश्नच नंतरचा; १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि तोवर मडके जसे आहे तसे राहू द्यावे.

हातोड्याने पाडलेली, फार्सी लेख असलेली किंवा दुर्मीळ सालाची नाणी नाणकशास्त्राच्या जाणकाराकडेच न्यावीत. जाताना दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे, हवेतले आणि पाण्यातले वजन, व्यास, आणि नाणे घरात कुणाकडून व कधी आले याची चिठ्ठी सोबत न्यावी. नाणे पीव्हीसी नसलेल्या पाकिटात, रबरबँडशिवाय, एकटे ठेवावे. आणि पूर्वी ते कधी, कशाने घासले होते हे आठवत असेल, तर तेही त्या चिठ्ठीत लिहावे.